हेल्परच्या डोळ्यांना काच कोण देणार?

(द्वितीय वर्ष, कला)

प्रकाश म्हणजे ज्ञान, प्रकाश म्हणजे मांगल्य, असे संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेले असतात. तिन्हीसांजेला दिवा लागला की आपले हात आपोआप जोडले जातात. अंधाराची भीती सर्वांनाच समजते; पण उजेडाचीही भीती बाळगावी लागते, असे कोणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. फार तर उन्हाचे नाव निघेल. ऊन बाधत असेल तर छपराखाली बसावे, हा आपला साधा हिशेब. आमच्या भिवंडीत मात्र हा हिशेब चुकतो. येथे डोळे जाळणारा उजेड छपराखालीच पेटतो.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीपर्यंतच शिकले. पण जे आपल्या घरात घडते ते समजून घ्यायला शाखा आड येऊ नये, असे मला वाटते. इंद्रधनुष्यातल्या जांभळ्या पट्ट्यापलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. जर्मनीतील योहान रिटर या शास्त्रज्ञाने १८०१ साली त्यांचा शोध लावला. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्यांना जंबुपार किरण म्हणत. आज आपण अतिनील किरण म्हणतो. सूर्याच्या या किरणांपैकी सर्वांत घातक ते पृथ्वीचे वातावरण वरच्या वर अडवते. उरलेल्यांपैकी त्वचा भाजणारे बहुतेक किरण खिडकीची साधी काच अडवते. सौम्य असे काही आत येतात. म्हणजे घरात बसलेल्या माणसाला निसर्गाने आणि काचेने बरेचसे संरक्षण दिलेले आहे.

आपल्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटची गोष्टही अशीच आहे. ट्यूबच्या पोटात पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरणच निर्माण होतात. पण आतून लावलेली पांढरी पूड त्यांचा साधा उजेड करते आणि उरलेले बहुतेक किरण काच अडवते. तेव्हा ट्यूबखाली अभ्यास करणाऱ्यांनी धास्ती घेऊ नये. ट्यूबला आवरण आहे. वेल्डिंगच्या ज्योतीला मात्र कसलेच आवरण नाही! कित्येक हजार अंश तापमानाची ती ज्योत, वातावरण जे किरण आपल्यापर्यंत पोचू देत नाही तेसुद्धा, हातभर अंतरावरून तोंडावर फेकते.

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात आणि अलीकडे मुंबई-नाशिक महामार्गालगतची गोदामे. पण मागाचा तुटलेला भाग सांधतो कोण? गोदामाचा पत्रा ज्या लोखंडी सांगाड्यावर उभा राहतो, तो जोडतो कोण? आपल्या घराची ग्रिल, दुकानाचे शटर, जिन्याचा कठडा हे सारे कुठल्या ना कुठल्या गाळ्यात वेल्डिंग होऊनच येते. अशा गाळ्यात एक मिस्तरी असतो आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा. त्याला सगळे हेल्पर म्हणतात. त्याचे नाव फारसे कोणी विचारत नाही.

माझा थोरला भाऊ असाच एका गाळ्यात हेल्पर होता. वडील मागावर, पगार तुटपुंजा. म्हणून दहावीनंतर तो कामाला लागला आणि मी कॉलेजात आले. आमच्या घराण्यातील कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पण त्या पायरीचे पैसे त्याच्या पगारातून आले आहेत. दिवसा त्याला काही होत नसे. रात्री जेवून निजला की दोन-तीन तासांनी उठून बसे. डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखे खुपते म्हणे. पाणी थांबत नसे, दिवा सहन होत नसे. आई बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवी. दुसरे दिवशी तो लाल डोळ्यांनी पुन्हा कामावर. आईने एकदा शेठना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मावशी, होते सवय हळूहळू."

या दोन शब्दांनाच माझा आक्षेप आहे. डोळ्याला या किरणांची सवय होत नाही. त्यांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. पृष्ठभागावरच्या पेशी मरतात आणि काही तासांनी गळून पडतात. मग खालच्या नसा उघड्या होऊन दुखू लागतात. म्हणूनच दुखणे कामावर न येता सहा ते बारा तासांनी घरी येते, आणि मालकाला ते कधीच दिसत नाही! बहुधा एक-दोन दिवसांत ते बरे होते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. चकत्यांनी गारवा मिळतो, औषध होत नाही. डोळे बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने वारंवार घालणे तर अधिकच वाईट, कारण त्याने जखम भरायची थांबते. डॉक्टरकडेच गेले पाहिजे. आणि सारे काही दोन दिवसांत संपते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचे अतिनील किरण आणि वेल्डिंगचा धूर, दोन्हींना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातले आहे.

कोणी म्हणेल, काळी काच प्रत्येक गाळ्यात असतेच की! असते, पण ती एकच असते आणि मिस्तरीच्या हातात असते. हेल्परचे दोन्ही हात लोखंड धरण्यात गुंतलेले. त्याला हातात धरायची काच दिली तरी तो ती धरणार कशाने? तो मान वळवतो, डोळे मिटतो. पण टाका नीट बसतो की नाही हे पाहण्यासाठी त्याला डोळे उघडावेच लागतात. त्याला हवे डोक्यावर बसणारे, योग्य क्रमांकाच्या काळ्या काचेचे हेल्मेट. साध्या वेल्डिंगला दहा-अकरा क्रमांकाची काच लागते. उन्हाचा गॉगल येथे कामाचा नाही. आजूबाजूला वावरणाऱ्यांना पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक चष्मासुद्धा बाजूच्या झळीपासून वाचवतो. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा असावा. गाळ्याच्या तोंडाशी पत्र्याचा आडोसा असावा, म्हणजे समोरच्या चाळीतली पोरे त्या निळ्या चमकेकडे टक लावून बसणार नाहीत. अंतर दुप्पट केले तर किरणांचा मारा चौथाईवर येतो, एवढे गणित तर आम्हा कलावाल्यांनाही जमते!

या उपायांत अवघड काय आहे? साधे हेल्मेट एका दिवसाच्या मजुरीपेक्षा फार महाग नाही. विल्यम क्रुक्स यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने काचकारखान्यातील कामगारांचे डोळे वाचावेत म्हणून शेकडो प्रकारच्या काचा करून पाहिल्या आणि १९१४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यालाही शंभरावर वर्षे उलटली. विज्ञानाने आपले काम केव्हाच केले आहे. काच विज्ञानाकडून निघाली. ती हेल्परपर्यंत पोचली नाही, एवढेच.

कायद्याचेही तसेच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमात अतितीव्र उजेडापासून कामगारांच्या डोळ्यांना जपण्याची तरतूद होती. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या संहितेत, विजेवर चालणारी जागा कारखाना ठरण्यासाठी तेथे वीस कामगार असावे लागतात. आमच्या गल्लीतल्या गाळ्यात तीन माणसे असतात. वीसजणांच्या डोळ्यांची किंमत आहे, तिघांच्या डोळ्यांची नाही काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये हाँगकाँगला एका झगमगत्या समारंभात चुकीच्या दिव्यांतील अतिनील किरणांमुळे पाहुण्यांचे डोळे दुखावले. त्याची बातमी जगभर झाली, चौकशी झाली. व्हायलाच हवी होती. पण तेच दुखणे भिवंडीत कितीतरी घरांत रात्री-अपरात्री उठून बसते, त्याची ओळभर बातमी होत नाही. पाहुण्याचे डोळे आणि हेल्परचे डोळे यांत निसर्गाने फरक केलेला नाही. तो आपण केला आहे.

मालकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. लहान गाळेवालाही भाड्याने आणि उधारीने गांजलेला असतो, हे मी जाणते. पण ग्रिल घडवून घेणारे कोण? आपणच ना? भाव करताना आपण किलोमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. त्याच वेळी "तुमच्या पोराला हेल्मेट आहे का?" असा एक प्रश्न आपण का विचारू नये? दहा गिऱ्हाइकांनी विचारला तर अकराव्याच्या आधी हेल्मेट येईल. आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी रस्ते झाडण्याबरोबर एक दिवस अशा गाळ्यांतून फिरावे, दुखण्याचे कारण समजावून सांगावे, आडोशाचा एक पत्रा स्वतःच्या हाताने उभा करून द्यावा. श्रमदान म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची फी कुणाच्या तरी उघड्या डोळ्यांनी भरलेली आहे. त्या डोळ्यांसमोर एक काच यावी, एवढीच माझी मागणी आहे. ती भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून.