किकी गाव सोडते तेव्हा

जून-जुलै आला की लोंढ्याकडून घाट उतरून येणाऱ्या गाड्यांत नव्या कोऱ्या बॅगा दिसू लागतात. कोणी कॉलेजसाठी, कोणी पहिल्या नोकरीसाठी, कोणी लग्न होऊन आलेली. बेळगाव, खानापूर, धारवाड, हुबळीची मंडळी मुरगावला येतात ती काही आजची नव्हे. बंदर आणि रेल्वेने माणसे इथे ओढून आणली, आणि वास्कोच्या बाजारात भाजी घेताना कन्नड आजही सहज कानावर पडते. मी स्वतः १९८८ साली लग्न होऊन मीटरगेजच्या गाडीने, दूधसागर बघत बघत इथे आले. तेव्हा गाव सोडण्याबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे, असे मी समजते!

मात्र आज सांगायचे आहे ते एका जपानी कार्टून सिनेमाबद्दल. कार्टून म्हटले की आपण पोरांना टीव्हीसमोर बसवतो आणि कुकर लावायला उठतो. हा सिनेमा कुकर उतरवून, पोरांच्या शेजारी बसून बघायचा आहे.

त्याचे नाव ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’. हायाओ मियाझाकी यांनी तो १९८९ साली केला. मूळ कादंबरी एइको कादोनो या लेखिकेची, १९८५ सालची. त्यांच्या मुलीने लहानपणी काढलेल्या चेटकिणीच्या चित्रावरून ती सुचली. चेटकीण या शब्दाने दचकू नका. ही किकी कोणाला नजर लावत नाही की करणी करत नाही. तिला येते ती एकच विद्या, झाडूवर बसून उडायची. आणि त्यांच्यातली रीत अशी, की मुलगी तेरा वर्षांची झाली की तिने वर्षभर परक्या गावी जाऊन आपले पोट आपण भरायचे.

निरोपाचा प्रसंग मियाझाकींनी फार बारकाईने रंगवला आहे. किकीने स्वतः नवा झाडू केलेला असतो, पण आई म्हणते, माझा जुना घे, तो सवयीचा आहे. वडील तिला लहानपणीसारखे उचलून घेतात. त्यांचा रेडिओ ती घेऊन जाते. आपल्याकडे निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. मराठीत ‘येते हं’, कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, आणि इथे गोव्यात ‘येतां हां’. तिन्ही भाषांत परत येण्याची हमी आधी, जाणे मागाहून. किकीच्या त्या अंगणात मला हेच ऐकू आले.

तिला समुद्राकाठचे गाव हवे असते, तसे मिळतेही. घड्याळाचा मनोरा, उतरत्या गल्ल्या, खाली बंदर. पण पहिल्याच दिवशी पोलीस दरडावतो, हॉटेलवाला पालक कुठे आहेत म्हणून विचारतो. शेवटी ओसोनो नावाची दिवस गेलेली बेकरीवाली तिला माळ्यावरची खोली देते. तिथून किकी सामान पोचवण्याचा धंदा सुरू करते. एका आजीने नातीसाठी प्रेमाने भाजलेला माशाचा पाय ती भर पावसात नेऊन देते, आणि नात दारात नाक मुरडते. हा प्रसंग बघताना माझ्या डोळ्यांसमोर गावाकडून आलेले किती डबे येऊन गेले!

दोन वर्षांपूर्वी माझी भाची पहिल्या नोकरीसाठी बेळगावहून इथे आली. एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात काम. काही महिने माझ्याकडे राहिली, मग मैत्रिणींबरोबर चिखलीला खोली घेतली. तिचे बाबा धारवाडकडचे. बाबांशी कन्नड, आईशी मराठी, आणि भांडण दोन्ही भाषांत, असे वाढलेले ते बडबडे पोर. सगळ्यांच्या नकला करायची. श्रावणापर्यंत ती गप्प होत गेली. ऑफिसात कोंकणी, हिंदी, इंग्रजी. एका रविवारी जेवताना म्हणाली, “मावशी, मला आता कुठल्याच भाषेत विनोद सुचत नाही.” घरून रोज फोन, परत ये म्हणून. तिनेही राजीनामा लिहून ठेवला होता, ते मला नंतर कळले.

त्या रविवारी आम्ही हा सिनेमा बघितला. २०२० साली नेटफ्लिक्सने मियाझाकींच्या घिब्ली स्टुडिओचे सिनेमे आपल्याकडे आणले, तेव्हापासून तिच्या यादीत तो होता.

किकीबरोबर घरून आलेले एक काळे मांजर असते, जीजी. ते तिच्याशी बोलते, टोमणे मारते, धीर देते. आणि एक दिवस किकीला त्याची भाषा कळेनाशी होते. नुसते म्याँव. त्याच दिवशी तिचे उडणेही जाते. सराव करताना आईचा झाडू मोडतो. भाची पाय पोटाशी घेऊन बघत होती. मी काही बोलले नाही.

हे संकट कादंबरीत नाही, ते मियाझाकींनी सिनेमासाठी घातले. माझ्या मते सिनेमाचा जीव त्यातच आहे. किकीने काही पाप केलेले नसते, आळसही केलेला नसतो. जे न शिकता येत होते ते आता पोटाचा धंदा झाले, आणि एक दिवस ते कसे करत होतो तेच आठवेना! जंगलात राहणारी ऊर्सुला ही चित्रकार तिला सांगते, की तिचीही चित्रे अशीच अडली होती. मग काय करायचे? हिंडायचे, झोपा काढायच्या, थोडे दिवस सोडून द्यायचे. आपण मंडळी अशा वेळी ‘मन लावून कर’ म्हणतो किंवा ‘परत ये’ म्हणतो. ऊर्सुला दोन्ही म्हणत नाही. गंमत म्हणजे जपानी आवृत्तीत किकी आणि ऊर्सुला या दोघींचा आवाज एकाच अभिनेत्रीचा, मिनामी ताकायामाचा आहे.

शेवटी मित्राचा जीव धोक्यात असतो, तेव्हा किकी रस्ता झाडणाऱ्या एका म्हाताऱ्याचा ब्रश मागून घेते आणि त्यावर उडते. वेडेवाकडे, धडपडत. आईचा झाडू नाही, स्वतः केलेलाही नाही. परक्या गावाने उसना दिलेला.

आणि जीजी? तो परत बोलत नाही. १९९८ च्या इंग्रजी डबिंगमध्ये शेवटी त्याच्या तोंडी एक वाक्य घातले होते, ते मला अजिबात पटत नाही. मूळ सिनेमात तो खांद्यावर येऊन बसतो, म्याँव करतो, आणि किकी तेवढ्यावर हसते. भाचीने तो भाग दोनदा मागे नेऊन बघितला. “म्हणजे हे गेलंच?” तिने विचारले. मी म्हटले, मांजर तर आहे ना. माझे बेळगावातले १९८८ चे बोलणे तरी कुठे राहिलेय? माहेरी गेले की वहिनी माझ्या हेलाला हसतात.

राजीनाम्याचे तिने पुढे काय केले, मी विचारले नाही. ती अजून चिखलीलाच आहे. रविवारी जेवायला येते. परवा फोनवर बाबांना ऑफिसातल्या कोणाची तरी नक्कल करून दाखवत होती. साहेब कोंकणीत, शिपाई हिंदीत, आणि मधली टिप्पणी धारवाडी कन्नडमध्ये. तिकडे ते इतके हसत होते, की आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.