आराखडा २००७ चा, मंजुरी २०१७ ची, आणि कोंडी रोजची

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण सिंहगड रस्त्यावर अडकला असाल तर वाचून होईल.

माझी आई बहात्तर वर्षांची. भाजीवाला समोर, रस्त्याच्या पलीकडे. परवा तिने तिथे जायला रिक्षा केली! रिक्षावाला पुढून वळसा घालून आला, तीस रुपये घेतले. रस्ता ओलांडायचे तीस रुपये. मी हसलो, मग लाज वाटली.

आता कोणी म्हणेल, गाड्या वाढल्या त्याला महापालिका काय करणार? बरोबर आहे, वाढल्या. पण शहर वाढणार हे काय काल कळलं? त्यासाठीच तर विकास आराखडा असतो. १९६६ चा नगररचना कायदा सांगतो की वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारा. आपल्या जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ साठीचा. त्याला राज्य सरकारची मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं कागद फिरवण्यात गेली. तोवर बिल्डिंगा थांबल्या का? नाही. थांबले ते फक्त रस्ते.

शहराला आतून वळसा घालणारा एचसीएमटीआर मार्ग १९८७ च्या आराखड्यात दाखवला होता. तेव्हा जन्मलेली पोरं आता चाळिशीला आली. मार्ग अजून नकाशावरच.

आणि जे बांधतो त्याचं काय? विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल वीस वर्षंही टिकले नाहीत. २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडले. पूल बांधताना पुढे मेट्रो येऊ शकते हा विचार कोणीच केला नसेल? २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट बीआरटी देशात पहिली म्हणून मिरवली. नगर रस्त्यावरची तर नंतर उखडूनच टाकली. बांधायचा खर्च आपला, पाडायचा खर्चही आपलाच.

आमच्या सिंहगड रस्त्यावर आत्ताच उड्डाणपूल झाला. चार वर्षं धूळ खाल्ली, पूल झाला, बरं वाटलं. आता त्याच रस्त्यावरून खडकवासल्याची मेट्रो मंजूर आहे. मेट्रोला माझा अजिबात विरोध नाही, उलट हवीच. प्रश्न एवढाच, की दोन्ही कामं एका कागदावर का नव्हती?

असं विचारलं की लगेच "तुम्ही विकासाच्या विरोधात" असा शिक्का बसतो. अहो, विकास हवाय म्हणूनच विचारतोय! २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलंय, रस्ते माणसांसाठी, वाहनांसाठी नाहीत. आपण उलटं करतो. पूल गाडीसाठी, फूटपाथ पार्किंगसाठी, आणि पीएमपीची वाट बघत उभा माणूस उन्हात. एक भरलेली बस किती दुचाक्या रस्त्यावरून कमी करते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. नंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते, विचारायला नगरसेवकच नव्हता. आता २०२७ तोंडावर आलंय. पुढच्या वीस वर्षांचा कागद तयार होईल तेव्हा आपण झोपलेलो असू, तर २०४७ ला आपली पोरं हीच पोस्ट लिहितील.

म्हणून तीनच मागण्या. एक, मेट्रो, पूल, ड्रेनेज, केबल, सगळ्या खात्यांचं एकच वेळापत्रक जाहीर करा. दोन, नव्या पुलाआधी बस आणि चालता येईल असा सलग फूटपाथ द्या. तीन, आराखडा मराठीत, साध्या नकाशासह वॉर्ड ऑफिसात लावा, म्हणजे हरकती घेता येतील.

आपापल्या नगरसेवकाला या तिन्हीचं उत्तर लेखी मागा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली भांडा, पण गप्प बसू नका.

आईला मी सांगितलंय, तूर्तास भाजी मी आणतो. पण हे काही उत्तर नव्हे.