औषधं तिची, मग योजना कोणाच्या सोयीची?

सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपल्या चळवळीने किती वर्षं आवाज उठवला! अमेरिकेतल्या वयस्क बायकांच्या औषध-विम्यात मला याच्या उलट दिसतं. तिथे बाईचं स्वतंत्र नाव कायद्यानेच आहे. पण योजना निवडताना तिला कोणी विचारत नाही. मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या मराठी घरांतून हे पाहते आहे. आपल्यापैकी अनेकींच्या बहिणी, नणंदा, मैत्रिणी इकडे म्हाताऱ्या होत आहेत, म्हणून हे लिहिते.

आधी व्यवस्था समजून घेऊ. ६५ वर्षांवरच्यांसाठी इथे मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आहे. घरी घ्यायच्या गोळ्या-औषधांची सोय त्यात २००३ च्या कायद्याने आली आणि २००६ पासून 'पार्ट डी' या नावाने सुरू झाली. पैसा मुख्यतः सरकारचा, पण योजना खासगी विमा कंपन्यांच्या. प्रत्येकीचा हप्ता वेगळा, औषधांची यादी वेगळी, दुकानं वेगळी. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात योजना बदलता येते आणि नवी १ जानेवारीपासून लागू होते. काहीच केलं नाही तर बहुधा जुनीच चालू राहते, पण यादी आणि दर नव्या वर्षाचे. बदल सांगणारं पत्र सप्टेंबरअखेर घरी येतं. ते कोण उघडतं? घरातले पैशाचे कागद ज्याच्या हातात असतात तो.

आणि तो काय करतो? स्वतःसाठी कमी हप्त्याची योजना शोधतो आणि "हिलाही तीच" म्हणून मोकळा होतो. पार्ट डीमध्ये कुटुंबाची योजना नसतेच. दोघांचे अर्ज वेगळे, हप्ते वेगळे. त्याला रक्तदाबाची एक स्वस्त गोळी आणि तिला इन्सुलिन, काचबिंदूचे थेंब, दम्याचा पंप असेल, तर त्याच्या सोयीची योजना तिच्या सोयीची कशी होईल?

साधा हिशेब करू. समजा, एका योजनेचा हप्ता शून्य, पण तिच्या औषधांना महिन्याला १४० डॉलर पडतात. वर्षाचे झाले १,६८०. दुसरीचा हप्ता ४० डॉलर आणि औषधांचे ४५, म्हणजे वर्षाला १,०२०. फुकट दिसणारी योजनाच महाग! म्हणून हप्ता बघू नये, वर्षाचा एकूण खर्च बघावा. औषध यादीत आहे का, कोणत्या पायरीवर आहे, आधी कंपनीची परवानगी लागते का, सुरुवातीला किती रक्कम पदरची भरायची आणि जवळचं दुकान योजनेच्या पसंतीचं आहे का, हे पाचही प्रश्न विचारावेत.

२०२२ च्या कायद्याने काही गोष्टी सुधारल्या. योजनेत असलेल्या इन्सुलिनला २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त लागत नाहीत. २०२५ मध्ये वर्षभरात औषधांवर पदरचा खर्च २,००० डॉलरच्या पुढे जाणार नाही अशी मर्यादा आली. २०२६ साठी ती २,१०० आहे. पण यादीत नसलेल्या औषधाचा खर्च या मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे पुन्हा तिची यादी महत्त्वाची.

"ती कुठे गोळ्या घेते? तिला कशाला विमा?" असंही ऐकू येतं. वेळेवर पार्ट डी घेतला नाही आणि दुसरा तोलाचा औषध-विमाही नसेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे मूळ राष्ट्रीय हप्त्याच्या एक टक्का दंड लागतो, आणि तो सहसा कायमचा. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी बायकांना इथे वर्षानुवर्षं नोकरीची परवानगी नव्हती. त्यांनी घर सांभाळलं, मुलं वाढवली; त्याची नोंद कुठल्याच सरकारी खात्यात नाही. उतारवयात त्यांच्या हातात स्वतःचा पैसा थोडा, आणि निवडीतली चूक मात्र त्यांच्याच अंगावर. औषध महाग पडलं की निम्मी गोळी घेणारी, एक दिवसाआड घेणारी तीच असते.

कमी उत्पन्न असेल तर 'एक्स्ट्रा हेल्प' ही सरकारी मदत मिळते. त्यासाठी एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोचं उत्पन्न मिळून धरतात. पूर्वी अर्ज नाकारला गेला असला, तरी नवरा गेल्यावर बाईने तो पुन्हा जरूर करावा. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची फुकट सल्ला देणारी केंद्रं आहेत. त्यांना विमा विकायचा नसतो. एजंटला असतो, हा फरक लक्षात ठेवावा.

नवरे आणि मुलगे वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. बरेचजण प्रेमानेच करतात. पण प्रेमाने केलेल्या कारभारातही बाईला विचारायला हवं. स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय स्वतः घ्यायचा, हे आपण तरुणपणी म्हटलं. ते सत्तरीत सोडून द्यायचं का?

इथली महाराष्ट्र मंडळं दिवाळीचा कार्यक्रम याच दिवसांत करतात. फराळाच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडा. प्रत्येकीने आपल्या औषधांच्या बाटल्या पिशवीत घालून आणाव्यात. नाव, मात्रा, महिन्याला किती लागतात, हे आपल्या हाताने कागदावर उतरवावं. तरुण मैत्रिणींनी संगणकावर योजना उघडून तिच्यासमोर, तिच्याच भाषेत वाचून दाखवाव्यात. 'हो' किंवा 'नाही' मात्र तिनेच म्हणावं.