वैशिष्ट्यपूर्ण कामे आणि आपली पाणंद



नगरविकास खात्याच्या कागदांत एक नामी शब्द आहे : 'वैशिष्ट्यपूर्ण कामे'. या नावाखाली राज्य सरकार नगरपरिषदांना विशेष अनुदान देते. त्यातून शहरातले रस्ते होतात, बगिचे होतात. उखडलेला रस्ता पुन्हा करण्यात वैशिष्ट्य ते काय, हे मला उमगलेले नाही. ते असो. शहरवाल्यांच्या रस्त्याला किंवा बागेला आपला विरोध नाही. कोरडवाहूला कंटाळून गेलेली आपलीच पोरे दिवसभर हमाली करून संध्याकाळी त्या बागेत बसतात.

पण महापालिकांना मिळालेली हमी पाहा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. जकात आणि स्थानिक संस्था कर गेले. राज्याने त्यासाठी कायदा केला. 2016-17 चे उत्पन्न धरून नुकसान भरून द्यायचे, आणि ते दरवर्षी 8 टक्के चक्रवाढीने वाढवायचे. म्हणजे 9 वर्षांत रक्कम दुप्पट! मुंबई महापालिकेला त्याच जुलैत पहिला हप्ता मिळाला 647 कोटींचा, तोही एका महिन्याचा. कापसाच्या भावाला अशी चक्रवाढ कोणी पाहिली आहे काय? आणि तिजोरी भरतो कोण? त्याच जीएसटीने फवारणीच्या औषधावर 18 टक्के लागले. व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळते, शेतकऱ्याला नाही.

आता पाणंद. नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना निघाली. नाव मोठे, पण भिस्त रोजगार हमीच्या पैशावर. आणि तिथे 60 टक्के मजुरी, 40 टक्के साहित्य हा दंडक होता. काळ्या जमिनीतला रस्ता या हिशेबात बसत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आधी दोन्ही बाजूंनी चर, मग मुरूम, त्यावर रोलर. चर न काढता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन तो गिळते, हे कोणताही सालदार सांगेल. खर्च सगळा साहित्याचा. मग प्रमाण जुळवायला मजुरीची दुसरी कामे शोधा, तोवर फाईल पडून.

परतीच्या पावसात पाणंद बसली की गाडी वावरात जात नाही. वेचलेला कापूस डोक्यावरून गावात येतो, घरात जागा नसते, आणि खेडा खरेदीवाला दारात उभा असतो. तो जो भाव पाडतो, ती न झालेल्या रस्त्याची किंमत आहे. तिकडे कापून ठेवलेली ज्वारी वावरातच काळी पडते.

या बैठकीत ठराव एकच मांडायचा आहे : पाणंदीसाठी मजुरीच्या प्रमाणात न अडकणारा, दरवर्षी वाढणारा स्वतंत्र निधी, आणि तोही महापालिकांसारखा कायद्याने. येताना प्रत्येक गावाने आपल्या पाणंदींची यादी आणावी. तलाठ्याकडच्या गाव नकाशावर रुंदी किती, आज जागेवर किती, हे लिहून आणावे. बांध कोरून पाणंद आपल्यापैकीच कोणी खाल्ली असेल, तर ती आधी आपणच मोकळी करू.