तलाकच्या आधी तुटतो तो व्हिसा

कोकणातल्या आपल्या समाजात मुलीसाठी स्थळ पाहताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मुलगा बाहेर आहे का? आणि फॅमिली व्हिसा मिळतो का? पहिल्याचे उत्तर 'हो' आले की निम्मा निकाह ठरतो, दुसऱ्याचे आले की उरलेला. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही : उद्या दोघांचे पटले नाही, तर या व्हिसाचे काय? शुभकार्यात असे वाईट तोंडातून काढू नये म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी मुली या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मोजत माहेरी बसल्या आहेत.

आखातात बायको राहते ती नवऱ्याच्या कफालतीवर. मुलांचा व्हिसाही बहुधा त्याच्याच नावावर असतो. आपला माणूस सुट्टीवर आला की कफीलने पासपोर्ट कसा अडकवला, खुरूज कसा दिला नाही, हे ओटीवर बसून सांगतो, आणि आपण हळहळतो. पण घरात तोच माणूस बायकोचा कफील असतो, याचा विचार आपण कधी केला?

रीत ठरलेली आहे. बाळंतपणासाठी माहेरी जा, मुलांना तिकडच्या शाळेत घाल, मी तिकीट पाठवतो. तिकीट येत नाही. संयुक्त अरब अमिरातीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिले तर निवासाचा व्हिसा सर्वसाधारणपणे बाद होतो. सौदीत बायकोचा 'खुरूज-औदा' नवरा काढतो. त्याची मुदत टळली की परतीची वाट बंद. तलाकचा शब्दही उच्चारावा लागत नाही! २०१९ चा कायदा एका दमात तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करतो. पण जो काही बोललाच नाही, त्याला तो कायदा काय करणार?

आता शरीयतकडे वळू. सूरह तलाकमध्ये हुकूम आहे की इद्दतीच्या काळात स्त्रीला, तिचा उघड दुराचार नसेल तर, घरातून बाहेर काढू नये. सूरह निसामध्ये दोन्हीकडचे पंच नेमून समेटाचा प्रयत्न करायला सांगितले आहे. मग इद्दत सुरू होण्याआधीच बायकोला घरातूनच नव्हे, देशातून बाहेर काढणारा माणूस जमातीच्या पहिल्या रांगेत कसा बसतो? मशिदीला त्याने दिलेली देणगी पाहून आपण गप्प राहतो, हेच खरे उत्तर नाही का?

काही जण म्हणतील, तिकडच्या सरकारचे नियम, जमात काय करणार? अहो, तिकडच्या सरकारनेही विचार केला! अमिरातीने २०१८ मध्ये तलाकशुदा आणि विधवा स्त्रियांना, त्यांच्या मुलांसह, कफीलशिवाय एक वर्ष राहण्याची सवलत दिली. पण त्यासाठी तलाकच्या वेळी व्हिसा चालू असावा लागतो. म्हणून तर तिला आधी गावी पाठवले जाते.

आपल्याकडेही वाटा आहेत. त्या मुलींना सांगायला हव्यात. डिसेंबर २०१६ पासून विभक्त वा तलाकशुदा व्यक्तीला पासपोर्टच्या अर्जात जोडीदाराचे नाव किंवा तलाकचा कागद देण्याची सक्ती नाही. न्यायालयाचे समन्स वा वॉरंट निघाले असेल, तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १० खाली नवऱ्याचा पासपोर्ट जप्त होऊ शकतो. तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. पण कोर्टकज्जात वर्षे जातात. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत आले, आणि २०२४ मध्ये विधी आयोगाला पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस करावी लागली!

तोवर या घरातली मुले आमच्या वर्गात येतात. भर सत्रात, शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय. दाखला बापाकडे, बाप फोन उचलत नाही. तिथे इंग्रजीतून शिकलेले मूल इथे उर्दूच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करते आणि रोज विचारते, आम्ही परत कधी जाणार? आईला माहीत नसते, मास्तरांना काय माहीत असणार?

म्हणून मागणी जमातींकडे आहे, काजीसाहेबांकडे आहे. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये आदर्श निकाहनामा काढला. आपणही आपल्या गरजेचा काढू. मेहेरच्या रकमेखाली चार ओळी लिहा. बायकोचा आणि मुलांचा पासपोर्ट बायकोच्या ताब्यात राहील. नवऱ्याच्या इकाम्याची, नोकरीच्या पत्त्याची प्रत मुलीच्या घरी राहील. दोन्हीकडच्या पंचांना कळवल्याशिवाय व्हिसा रद्द होणार नाही वा संपू दिला जाणार नाही. आणि संपलाच, तर परतीचा खर्च, मुलांचे शिक्षण, पोटगी त्याच्यावर. निकाहाच्या वेळी कबूल केलेल्या शर्ती पाळण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. यात शरीयतविरुद्ध काय आहे, ते कुणी दाखवावे.

आणि मुलींच्या बापांनो, जो या चार ओळींवर सही करायला कचरतो, त्याचा पगार विचारूच नका. त्याला मुलगी देऊ नका.