हरणांचा हिवाळा आणि लोकमताचा कौल

अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळ, सुपीरियर आणि मिशिगन या दोन महासरोवरांच्या कुशीत विस्कॉन्सिन हे राज्य वसलेले आहे. क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे मोठे, वस्ती मात्र साठ लाखांच्या आसपास. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाआधीच्या शनिवारी, उजाडण्यापूर्वीच लाखो माणसे तेथे बंदुका घेऊन रानात शिरतात आणि पुढे नऊ दिवस हरणांची शिकार चालते. कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून रजा आधीच मागून ठेवलेल्या असतात. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच लाकडी झोपडीत मुक्कामाला असतात. आदल्या रात्री चार बोटे ताजा बर्फ पडला असेल तर त्यांच्या आनंदाला पारावार राहत नाही. बर्फावर हरणाचा माग लख्ख उमटतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्याचा तपकिरी देह दुरून दिसतो आणि जखमी जनावर दूर पळाले तरी रक्ताच्या थेंबांवरून त्याचा ठाव लागतो. शिकाऱ्याने मात्र स्वतः दिसावे अशी कायद्याची सक्ती आहे. 1945 सालापासून तांबडे आणि 1980 पासून भडक नारिंगी कपडे अंगावर असावे लागतात; 2016 साली त्यात भडक गुलाबी रंगाचीही भर पडली. एका माणसाने दुसऱ्याला हरीण समजून मारू नये म्हणून ही खबरदारी!

मराठी वाचकाला हे सारे वर्णन रुचणार नाही, आणि ते साहजिक आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्याच अंकात हरणामागे धावणाऱ्या राजाला आश्रमातले तपस्वी अडवतात, आणि राजा बाण उतरवतो. या प्रसंगावर ज्यांची मने पोसली, त्यांना हरणाच्या बाजूने उभे राहण्यासाठी युक्तिवाद लागत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर या भावनेला कायद्याचे बळ दिले. तथापि विस्कॉन्सिनमध्ये गेली ऐंशी-नव्वद वर्षे चाललेला वाद नीट पाहिला, तर दयेचा प्रश्न तपस्व्यांनी सोडवला तितक्या सहजतेने तेथे सुटलेला नाही असे आढळते. कारण त्या वादात हरीण, शिकारी आणि दयाळू नागरिक यांच्याखेरीज एक चौथा पक्ष आहे. तो म्हणजे हिवाळा.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात शिकारीला धरबंध नव्हता. 1851 साली वर्षाचे काही महिने शिकार बंद ठेवण्याचा पहिला कायदा झाला, पण तो पाळणार कोण? जंगले तुटत होती, लाकूडतोड्यांच्या छावण्यांना मांस हवे होते आणि रेल्वे आल्यावर ते शहरांच्या बाजारांत पाठवणे सोपे झाले. हिवाळा सरता सरता बर्फाच्या वरच्या थरावर कडक पापुद्रा धरतो. माणूस रुंद हिमपादुका घालून त्यावरून चालू शकतो. हरणाचा अणकुचीदार खूर मात्र त्यातून आरपार जातो आणि ते पोटापर्यंत रुतते. अशा रुतलेल्या जनावरांना गाठून मारणे याला शिकार हा शब्दही शोभत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हरणे इतकी विरळ झाली की राज्याला जाग आली आणि 1915 साली शिंगे असलेला नर तेवढा मारावा, मादी व पाडस यांना हात लावू नये असा नियम झाला. मादी वाचली की वंश वाचतो, हे त्यामागचे साधे गणित होते, आणि त्या वेळी ते बरोबरही होते.

गणित बरोबर होते म्हणूनच पुढे ते चुकले. तोडलेल्या अरण्यांच्या जागी कोवळी झाडोरी उगवली. हरणाला खाण्यासाठी यापेक्षा चांगले रान नाही. लांडग्याच्या मुंडक्याला सरकारी इनाम होते, त्यामुळे हरणांचा मूळ शिकारी झपाट्याने नाहीसा होत गेला. माद्या तर कायद्याने सुरक्षित. 1930 नंतरच्या दशकात उत्तरेच्या रानांत हरणे इतकी वाढली की हिवाळ्यात त्यांना पुरेल एवढा चारा उरेना.

हरणांचा हिवाळा कसा जातो हे ठाऊक नसेल तर पुढचा वाद कळणार नाही. बर्फ गुडघ्याच्या वर चढला की पांढऱ्या शेपटीची ही हरणे रानभर फिरणे सोडून देतात आणि सीडर व हेमलॉक या सदाहरित वृक्षांच्या दाट पाणथळ झाडीत गोळा होतात. तेथे वारा लागत नाही आणि बर्फही कमी साचतो. चालून चालून पडलेल्या पायवाटांच्या जाळ्यात ती दोनतीन महिने अक्षरशः कोंडलेली असतात. हिवाळ्यात त्यांचे शरीर मंदावते, भूक कमी होते आणि शरदात साठवलेल्या चरबीवर गुजराण चालते. पण हा साठा ठराविक आहे. थाऱ्यातल्या डहाळ्या तोंड पोहोचेल तेथवर खाऊन संपल्या, की मोठी हरणे मागच्या पायांवर उभी राहून वरच्या फांद्या ओढतात. पाडसांचे तोंड तेथे पोहोचत नाही. सर्वांत आधी मरतात ती पाडसे. मेलेल्या जनावराची मांडी फोडून पाहावी. धष्टपुष्ट हरणाच्या हाडात मज्जा पांढरी आणि घट्ट असते, उपासमारीने मेलेल्याच्या हाडात ती तांबडी आणि जेलीसारखी पातळ झालेली असते. लोकांना दया येऊन कोणी गवताच्या पेंढ्या नेऊन टाकल्या, तर त्याचाही उपयोग होत नाही. हरणाच्या जठरातले जंतू हिवाळ्यात डहाळ्या पचवण्याला सरावलेले असतात. कोरडे गवत पोटात भरूनही ते उपाशी मरते. गवताने तट्ट फुगलेल्या पोटाची मेलेली हरणे त्या काळी रानात सापडत.

या परिस्थितीत आल्डो लिओपोल्ड या प्राध्यापकाकडे 1942 साली नागरिकांच्या हरीण समितीचे अध्यक्षपद आले. विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचा विषय ते 1933 पासून शिकवत. स्वतः हाडाचे शिकारी. तरुणपणी अॅरिझोनात वनखात्यात असताना लांडगे दिसले की मारावेत या मताचे, कारण लांडगे घटले की हरणे वाढतील असा तेव्हा सर्वांचाच समज होता. त्याच अॅरिझोनात कैबाब पठारावर 1906 साली हरणांसाठी अभयारण्य झाले, शिकार बंद झाली, हिंस्र श्वापदे मारली गेली, आणि 1924 नंतरच्या हिवाळ्यांत तेथे हरणे हजारोंनी उपाशी मेली. नेमके आकडे पुढे वादग्रस्त ठरले. पण हरणे तेथे उपासमारीने मेली, याबद्दल वाद झाला नाही. लिओपोल्ड यांचे मत बदलायला बरीच वर्षे लागली, आणि ते त्यांनी लपवले नाही. 1943 च्या हिवाळ्याअखेर समितीचे सभासद उत्तरेच्या थाऱ्यांत हिंडले आणि मेलेली पाडसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. निष्कर्ष अप्रिय होता, पण दुसरा नव्हता: माद्याही मारल्या पाहिजेत.

नेमक्या याच सुमाराला, ऑगस्ट 1942 मध्ये, वॉल्ट डिस्नेचा ‘बँबी’ पडद्यावर आला. फेलिक्स साल्टेन यांच्या मूळ जर्मन कादंबरीतले हरीण युरोपातल्या छोट्या जातीचे. डिस्नेने ते पांढऱ्या शेपटीचे अमेरिकन हरीण केले. शिकाऱ्याच्या गोळीने त्या पाडसाची आई मरते आणि अवघे चित्रगृह रडते. अशा वेळी राज्याने माद्या मारायला परवानगी देणे म्हणजे लोकक्षोभाला आमंत्रण होते. नोव्हेंबर 1943 मध्ये हंगाम दोन भागांत झाला: आधी चार दिवस नरांसाठी, नंतर तीन दिवस माद्या व पाडसांसाठी. एकंदर सुमारे सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली. हा आकडा ऐकून लोक हादरले. ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असे त्या हंगामाचे नाव पडले, ‘विस्कॉन्सिनची हरणे वाचवा’ या नावाने एक वृत्तपत्रच निघाले आणि लिओपोल्ड त्याचे आवडते लक्ष्य झाले. पुढची काही वर्षे माद्या मारण्याचा विषय कोणी पुन्हा काढू शकले नाही. 1949 साली परवानगी पुन्हा मिळाली. लिओपोल्ड त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल 1948 मध्ये, शेजाऱ्याच्या शेतात लागलेला वणवा विझवताना मृत्यू पावले होते. ‘सँड कौंटी अल्मनॅक’ हा त्यांचा लेखसंग्रहही मृत्यूनंतरच, 1949 साली प्रसिद्ध झाला.

या प्रकरणात लिओपोल्ड बरोबर होते आणि जनता भोळी होती, असा सरळ निवाडा अनेकांनी दिला आहे. तो तितका सरळ नाही. सरकारची मोजणी ढोबळ होती. वीस वर्षे ‘मादी मारणे हे पाप’ असे ज्या खात्याने शिकवले, तेच खाते एका सकाळी उलटे सांगू लागले, आणि लोकांनी विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा याचे उत्तर त्या खात्याजवळ नव्हते. परंतु लोकांचाही दोष लहान नव्हता. गोळीने पडलेले हरीण रस्त्यावरून मोटारीच्या टपावर बांधून नेलेले सर्वांना दिसते; सीडरच्या झाडीत फेब्रुवारीत मेलेले पाडस कोणालाच दिसत नाही. जे दिसते त्याचीच दया येते. न दिसणाऱ्या मरणाची जबाबदारी मात्र हिवाळ्यावर टाकून मोकळे होता येते, आणि नेमके तेच लोक करत राहिले.

याचा अर्थ शिकारी हा निसर्गाचा सेवक आहे असा नव्हे, जरी शिकाऱ्यांच्या संघटना तसे आवर्जून सांगत असल्या तरी. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका व काडतुसांवरील अबकारी कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण लांडगा आजारी, म्हातारे वा अशक्त जनावर सहज उचलतो. शिकाऱ्याची नजर सर्वांत मोठ्या शिंगांच्या नरावर असते. संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्या मारायला हव्यात हे पटूनही हात नराकडेच वळतो. म्हणून 1996 पासून काही भागांत ‘आधी मादी मारा, मग नराचा परवाना घ्या’ अशी अट घातली गेली. संख्या घटवण्याच्या दृष्टीने ती परिणामकारक होती, आणि म्हणूनच इतकी अप्रिय झाली की 2011 साली विधिमंडळाने कायदा करून ती रद्द केली. दरम्यान फेब्रुवारी 2002 मध्ये हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा असाध्य रोग या राज्यात प्रथम आढळला होता. दाट कळपात तो अधिक फैलावतो. आता दक्षिणेतल्या अनेक भागांत हरणाचे डोके तपासणीला देऊन, अहवाल आल्यावरच मांस शिजवावे असा सल्ला शिकाऱ्यांना दिला जातो.

लांडग्याचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्यावरचे इनाम 1957 साली बंद झाले, तोवर तो जवळजवळ संपला होता. सत्तरीच्या दशकात शेजारच्या मिनेसोटातून काही लांडगे परत आले आणि हळूहळू वाढले. फेब्रुवारी 2021 मध्ये ऐन बर्फात त्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला. एकंदर 200 ची मर्यादा होती. त्यांतले 81 ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या वाट्याचे. ते लांडग्याला भाऊ मानतात आणि आपला वाटा त्यांना वापरायचाच नव्हता. उरलेल्या 119 च्या जागी तीन दिवस पुरे होण्याआधीच 218 लांडगे मारले गेले. ताज्या बर्फाने येथेही माग दाखवण्याचे काम चोख केले होते. पुढच्या वर्षी न्यायालयाने लांडग्याला पुन्हा संरक्षण दिले. 2023 च्या नोव्हेंबरात उत्तरेत हरणांची शिकार बरीच घटली तेव्हा शिकाऱ्यांनी लांडग्यांकडे बोट दाखवले; आदल्या कडक हिवाळ्याकडे आणि हंगामाच्या आरंभी जमिनीवर बर्फच नव्हता या गोष्टीकडे पाहण्याची फारशी कोणाची तयारी नव्हती.

हिवाळा मोजण्याची एक जुनी रीत या राज्यात आहे. डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत ज्या दिवशी जमिनीवर दीड फूट वा अधिक बर्फ असेल त्या दिवसाचा एक गुण, आणि पारा शून्याखाली 18 अंश सेल्सिअस वा त्याहून खाली जाईल त्या दिवसाचा एक. बेरीज 50 च्या आत असेल तर हिवाळा सौम्य, 80 च्या वर गेली तर कडक, 100 ओलांडली तर अतिकडक. 2023-24 चा हिवाळा इतका सौम्य गेला की उत्तरेतही बर्फ धड टिकला नाही. असे हिवाळे वरचेवर येऊ लागले, तर पाडसे उपाशी मरणार नाहीत. पण वाढलेली संख्या आटोक्यात आणणारा एक हात, तो कितीही निष्ठुर असला तरी, ढिला पडेल. दुसरा हातही थकत चालला आहे. 2000 साली सात लाखांच्या जवळ असलेली बंदूकधारी शिकाऱ्यांची संख्या आता सहा लाखांच्या खाली आली आहे. तरुण मुले शहरांत जातात आणि आजोबांची झोपडी बंद राहते. हरणे मात्र पंधरा लाखांहून अधिक आहेत. ती बागांत शिरतात, मोटारींवर आदळतात, आणि अरण्यात सीडर व हेमलॉकची नवी रोपे वर येऊ देत नाहीत. म्हणजे ज्या झाडांच्या आश्रयाने हरणांना कडक हिवाळा काढायचा, तीच झाडे ती खाऊन संपवतात.

2014 पासून विस्कॉन्सिनच्या परगण्यांत नागरिकांच्या हरीण-सल्लागार समित्या आहेत. शेतकरी, शिकारी, वनव्यवसायी आणि गावकारभारी दरवर्षी वसंत ऋतूत एकत्र बसतात आणि येत्या नोव्हेंबरात आपल्या भागात किती माद्या माराव्यात याची शिफारस करतात. खात्यातले जीवशास्त्रज्ञ त्यांच्यासमोर हिवाळ्याच्या गुणांचा तक्ता मांडतात, वनखात्याचे लोक खुरटलेल्या रोपांची माहिती देतात. उत्तरेतल्या काही परगण्यांनी अलीकडच्या वर्षांत हे सारे ऐकून घेऊन माद्यांचा आकडा शून्य ठेवला आहे.