लसीतले पाणी

“त्यात पाणीच तर मिसळतात,” असे काही माता आम्हाला म्हणतात. खरे आहे. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि तिच्यासाठीचे पाणी वेगळ्या बाटलीत. नर्सताई त्याला डायल्युएंट म्हणतात. पण हे पाणी ज्या लसीचे त्याच लसीला चालते. गोवरच्या लसीला निर्जंतुक पाणी, तर बीसीजीला मिठाचे, म्हणजे सलाईन. अदलाबदल चालत नाही.

सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या छोट्या देशात जुलै २०१८ मध्ये दोन तान्ह्या बाळांना गोवरची लस टोचली आणि दोन्ही बाळे काही मिनिटांतच दगावली. लस चांगली होती. पण तिच्यात पाण्याऐवजी भूल देताना वापरतात ते स्नायू सैल करणारे औषध मिसळले गेले होते. सरकारने ती लस कित्येक महिने बंद ठेवली. पुन्हा सुरू झाली तेव्हा आईबाप घाबरलेले. २०१९ च्या अखेरीस गोवर आला आणि जेमतेम दोन लाखांच्या त्या देशात ८३ जीव गेले. बहुतेक पाच वर्षांखालची मुले.

चूक पाण्याची होती, बदनाम झाली लस. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तेव्हा लस न घेतलेली मुले आपल्याही मोहल्ल्यांत होती. म्हणून आम्ही म्हणतो, लस नाकारू नका, प्रश्न विचारा. “ताई, हे पाणी याच लसीचे ना? बाटली कधी कालवली?” कालवल्याची वेळ बाटलीवर लिहायची असते. चार तासांनंतर, किंवा त्याआधी सत्र संपले तर तेव्हाच, उरलेली लस फेकतात. फेकताना पाहून हळहळू नका. या लसीत जंतू रोखणारे औषध नसते. शिळ्या बाटलीत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेतते.

मेडिकलमधून आणलेल्या भुकटीच्या इंजेक्शनचेही तसेच. सोबतची पाण्याची कुपी सीलबंदच डॉक्टरांकडे द्या. ती फुटली म्हणून घरचे उकळलेले पाणी नेऊ नका; उकळल्याने ते इंजेक्शनचे होत नाही. सेफ्ट्रायॅक्सोन कमरेत टोचताना दुखू नये म्हणून काही वेळा लिग्नोकेनमध्ये कालवतात. तेच मिश्रण शिरेतून मात्र कधीच देत नाहीत. त्यामुळे घरी इंजेक्शन द्यायला कंपाउंडर येणार असेल, तर कमरेत की शिरेत आणि कशात कालवायचे, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.